वाण, नाव आणि नोंद : बौद्धिक संपदा व माहिती तंत्रज्ञान कायद्यावरील परिषदांची प्रस्तावना

बौद्धिक संपदा आणि माहिती तंत्रज्ञान या दोन कायद्यांवरची परिषद बहुधा एकत्रच भरते. वरवर पाहता दोहोंचे नाते दूरचे. एकीकडे पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, भौगोलिक मानांकन आणि पिकांचे वाण. दुसरीकडे डिजिटल सही, सायबर गुन्हे, मोबाइलमधला पुरावा आणि वैयक्तिक माहितीचे संरक्षण. तरीही त्यांना एका मांडवाखाली आणणारे कारण आहे. जमीन विकली की विकणाऱ्याकडे ती उरत नाही. वाणाची काडी, मालाचे नाव किंवा शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक दुसऱ्याला दिला, तरी देणाऱ्याकडचे काही कमी होत नाही आणि घेणारा ते आणखी शंभर जणांना देऊ शकतो. मालमत्तेचा जुना कायदा ताब्यावर उभा आहे. ताब्याने सांभाळता न येणाऱ्या गोष्टींसाठी हे दोन कायदे लागतात.

दुसरे कारण काळाचे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदेविषयीचा ‘ट्रिप्स’ करार आला. पुढच्या दहा वर्षांत भारतात कायद्यांची रांग लागली. १९९९ मध्ये ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकनाचे कायदे झाले, २००० मध्ये डिझाइन्सचा आणि माहिती तंत्रज्ञानाचा, २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००२ मध्ये जैवविविधता कायदा, आणि २००५ मध्ये औषधांच्या उत्पादन-पेटंटचा दरवाजा उघडणारी दुरुस्ती. यांतला माहिती तंत्रज्ञान कायदा ट्रिप्समुळे आलेला नाही. त्याचा सांगाडा संयुक्त राष्ट्रांच्या १९९६ च्या ई-व्यापारविषयक नमुना कायद्याचा आहे. पण विधी महाविद्यालयांत हे सारे विषय जवळजवळ एकदमच शिरले, बहुतेक ठिकाणी ते शिकवायला एकच अध्यापक मिळाला, आणि परिषदांची जोडी तिथेच जमली.

महाराष्ट्रात या विषयाला संस्थांची वानवा नाही. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ पासूनचे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठे अनुक्रमे २०१४, २०१६ आणि २०१७ मधली. पेटंट आणि ट्रेडमार्कची कार्यालये मुंबईत आहेत, तर बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था नागपुरात. परिषदांची संख्या मात्र ज्ञानाच्या ओढीने जेवढी वाढली तेवढीच, किंवा थोडी अधिकच, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने वाढली. अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आली. निबंध वाचला की गुण, छापला की आणखी गुण. तालुक्याच्या महाविद्यालयांतही ‘राष्ट्रीय’ परिषदा भरू लागल्या. उद्घाटन, बीजभाषण, दुपारी समांतर सत्रे, प्रत्येक निबंधाला दहा मिनिटे, संध्याकाळी प्रमाणपत्रे असा त्यांचा साचा ठरून गेला. त्या निबंधांत दिल्ली उच्च न्यायालयातले सॉफ्टवेअरचे खटले असतात, अमेरिकेतल्या कंपन्यांचे वाद असतात. परिषद ज्या गावात भरली त्या गावचे क्वचितच काही असते. या विषयाची ओळख करून देताना म्हणूनच एखादा तालुका डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरते. नाशिक जिल्ह्यातला बागलाण, म्हणजे सटाणा तालुका, त्यासाठी फार चांगला आहे.

तालुक्याकडे वळण्यापूर्वी परिषदेबद्दलच दोन शब्द. निबंध वाचणे ही स्वतःच कायद्याच्या कक्षेत येणारी कृती आहे आणि बौद्धिक संपदेवरच्या परिषदांतही तिकडे फारसे कोणी पाहत नाही, ही गंमतच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे निबंधाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखक असतो. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता. ई-मेलने आलेली फाइल हीच संमती समजून निबंधसंग्रह छापला आणि पहिल्या पानावर ‘सर्व हक्क आयोजकांचे’ असे लिहिले, तर ती ओळ लेखकाच्या सहीवाचून पोकळ ठरते.

पेटंटच्या बाबतीत चूक अधिक महागात पडते. अर्जाआधी शोध जाहीर झाला की त्याचे नवेपण संपते आणि पेटंट मिळत नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ ने यात थोडी मोकळीक ठेवली आहे. खऱ्या व पहिल्या संशोधकाने विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, किंवा त्याच्या संमतीने तो त्या सभेच्या इतिवृत्तात छापला गेला, तर पुढच्या १२ महिन्यांत केलेल्या अर्जाला ते जाहीर होणे आड येत नाही. विद्वत्सभा म्हणजे नेमके कोण, हा मात्र वादाला जागा असलेला प्रश्न. शिवाय युरोपच्या पेटंट कायद्यात अशी मोकळीक नाही. कांदा प्रतवारीचे यंत्र बनवणाऱ्या विद्यार्थ्याने भित्तिपत्रक लावण्याआधी तात्पुरता अर्ज करावा, एवढे साधे मार्गदर्शनही बहुतेक परिषदांच्या निमंत्रणपत्रिकेत नसते.

याहून अवघड प्रश्न वनस्पतींवरच्या निबंधांचा आहे. बागलाणच्या पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांत कोकणा आणि भिल्ल वस्त्या आहेत. साल्हेरचा किल्ला २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा ठरला. त्या डोंगरातल्या झाडपाल्याची माहिती असलेल्या वैदूंना असे कोणतेच मानांकन नाही. अशा वस्त्यांत जाऊन कोणती मुळी कशावर देतात हे विचारायचे, त्याचे कोष्टक करायचे आणि परिषदेत वाचायचे, हा वनस्पतिशास्त्राचा रुळलेला प्रकार आहे. त्यात लाभ आणि हानी दोन्ही आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले. मूळ गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांच्या परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. ते रद्द झाले, कारण हळदीचा हा उपयोग आधी छापलेला दाखवता आला. आजीबाईंच्या तोंडच्या माहितीवर अमेरिकेचे पेटंट कार्यालय हलले नसते. पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय २००१ मध्ये सुरू झाले ते याच अनुभवातून.

म्हणजे लिहून ठेवले तर परक्याचे पेटंट अडते. पण लिहिले की ते सर्वांना खुले होते आणि सांगणाऱ्या वैदूचे नाव तळटिपेतही उरत नाही. जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आणल्या; त्यामागे डॉ. माधव गाडगीळ यांचे मोठे काम होते. जैविक साधनावर आधारलेल्या शोधासाठी पेटंट मागायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट कायद्याने घालून दिली आहे, पण शोधनिबंधाला अशी काही आडकाठी नाही. माहिती देणाऱ्याची संमती घेणे, त्याचे नाव देणे आणि ज्या गोष्टी त्याने न छापण्यास सांगितल्या त्या न छापणे हे निबंधलेखकाच्या सचोटीवर सोडलेले आहे.

आता शेतीकडे. आरम आणि मोसम या नद्यांच्या खोऱ्यांतला हा तालुका तीन पिकांवर उभा आहे: डाळिंब, द्राक्ष आणि कांदा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या ‘कसमादे’ पट्ट्यात बागलाणची ओळख अर्ली द्राक्षांची. पाऊस डोक्यावर असताना छाटणी घेण्याची जोखीम पत्करायची आणि इतर तालुक्यांचा माल सुरू होण्याआधी भाव गाठायचा, असा हा व्यवहार. डाळिंबाने इथे घरे बांधली आणि तेल्या रोगाने बागा उपटायलाही लावल्या. या तिन्ही पिकांत बौद्धिक संपदा रोजच्या व्यवहारात आहे, पण तिला गावात रोप, कलम, गुटी, काडी, डोंगळे अशीच नावे आहेत.

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा हा भारताने ट्रिप्सला दिलेला स्वतःचा जबाब आहे. वनस्पतींच्या वाणांना पेटंट द्या किंवा दुसरी परिणामकारक पद्धत उभारा, असे करारात आहे. भारताने पेटंट नाकारले आणि वेगळा कायदा केला. वाणसंवर्धकांच्या हक्कांसाठी युरोपने उभारलेल्या ‘युपोव्ह’ संघटनेत भारत सामील झाला नाही. भारतीय कायद्यात वाण नोंदवण्यासाठी तो नवा, वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. झाडे आणि वेली यांना १८ वर्षे संरक्षण, इतर पिकांना १५. डाळिंब झाडांत, द्राक्ष वेलींत, कांदा इतरांत. एकाच शेतकऱ्याच्या तीन गटांत दोन हिशेब.

या कायद्याचा कणा म्हणजे कलम ३९. शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवता येते, पुन्हा पेरता येते, शेजाऱ्याला देता येते, बदली घेता येते आणि विकताही येते. मनाई एकाच गोष्टीची: ब्रँडेड बियाणे विकण्याची. ब्रँडेड म्हणजे काय हेही कायद्याने सांगून टाकले आहे. पाकिटात किंवा दुसऱ्या कशात भरून, हे संरक्षित वाणाचे आहे असे दाखवणारे लेबल लावलेले बियाणे. कांद्याला हे सहज लागू होते. बागलाणात अनेक घरी चांगले गोट निवडून, डोंगळे धरून घरचे बी तयार करतात आणि ओळखीपाळखीत विकतात. ते कायदेशीर आहे.

डाळिंबाचे काय? ते बियांपासून लावत नाहीत. फांदीवर साल काढून, शेवाळ बांधून गुटी धरतात, मुळ्या फुटल्या की कापून पिशवीत लावतात. इथे कायद्याची व्याख्या कामाला येते. ज्यापासून त्याच वाणाचे झाड पुन्हा उभे राहते असा कोणताही जिवंत अंश या कायद्याच्या दृष्टीने बियाणेच आहे. गुटी हे बियाणे, द्राक्षाची काडी हे बियाणे, ऊतीसंवर्धित रोपही बियाणे. म्हणजे शेजाऱ्याच्या बागेतून गुटी बांधून घेणे हे शेतकऱ्याच्या हक्कात बसते. गुटीची रोपे पिशवीत भरून, वर संरक्षित वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून विकली, तर रेषा ओलांडली जाते. रोपवाटिका आणि शेत यांमधली कायद्याची सीमा त्या चिठ्ठीवर येऊन थांबते, आणि आठवडे बाजारात रोपे घेऊन बसणाऱ्याला याची कल्पना असण्याचे काही कारण नाही. न कळत झालेल्या उल्लंघनासाठी कलम ४२ शेतकऱ्याच्या पाठीशी आहे. वाणावर असा हक्क आहे हेच त्या वेळी ठाऊक नव्हते, तर त्याच्यावर उल्लंघनाचा ठपका येत नाही.

नावांचा गोंधळ वेगळाच. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भगवा’ हा डाळिंबाचा वाण प्रसारित केला. बागायतदारांत तोच शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र अशा नावांनीही फिरला. कायद्याला एका वाणाचे एकच नाव लागते. पाच नावांनी विकलेल्या रोपाला तीन वर्षांनी फळ लागले आणि ते वेगळेच निघाले, तर नेमका कोणता वाण देण्याचे कबूल केले होते हे ठरवण्यातच वादाचा अर्धा जीव जातो.

कंपनी शेतकऱ्याच्या दारात आली तर काय होते, हे गुजरातने पाहिले. २०१९ मध्ये पेप्सिकोने एफएल २०२७ या बटाट्याच्या वाणावरून उत्तर गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले. काही शेतकऱ्यांकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली होती. देशभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी दावे मागे घेतले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये या कायद्याखालच्या वाण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली, जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते कायम ठेवले आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने ते फिरवले. हा वाद द्राक्षपट्ट्याला परका नाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने ‘आरा’ नावाचे परदेशी द्राक्षवाण परवान्याने आणले. अशा वाणाची काडी शेजाऱ्याला सहज देऊन टाकता येत नाही. लागवड करारानेच होते. कायद्याने दिलेला हक्क शेतकरी करारात सोडून देऊ शकतो का, हा प्रश्न परिषदेत एक अख्खे सत्र खाईल एवढा आहे.

आणि तरीही महाराष्ट्राचे द्राक्ष मुळात शेतकऱ्यांनीच घडवले. थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळी दिसलेली फांदी हेरून तासगाव भागात वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ दिले. ज्या काळात त्यांनी हे केले, तेव्हा वाणाचा कायदाच नव्हता. काडी हातोहात गेली आणि राज्यभर पसरली.

भाताची कहाणी अधिक कडू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्याकडे जेमतेम दीड एकर जमीन. १९८० च्या दशकात ‘पटेल ३’ भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ तयार झाला. नाव त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडले. तो पाच-सहा राज्यांत पसरला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. ३ जून २०१८ रोजी दादाजी वारले तेव्हा त्यांच्या नावावर सन्मान बरेच होते, पैसा नव्हता. शेतकऱ्याने विकसित केलेला वाण त्याच्या नावे नोंदवण्याची सोय २००१ च्या कायद्याने दिली, आणि शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क पडत नाही. शेतकऱ्याला संवर्धक मानणारा असा कायदा जगात विरळा. मात्र एचएमटी तोवर केव्हाच शिवारात मोकळा झाला होता.

नावाचे संरक्षण भौगोलिक मानांकनाने होते. कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईत. नोंद दहा वर्षांची, पुन्हा पुन्हा वाढवता येणारी. मालकी एका माणसाची नसते. उत्पादकांच्या संघटनेने अर्ज करायचा आणि त्या भागातल्या प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नाव नोंदवायचे. ही दुसरी पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन आणि लासलगावचा कांदा ही जिल्ह्यातली नोंदलेली नावे. डाळिंबाचे मानांकन सोलापूरच्या नावे आहे. बागलाणात तोच भगवा पिकतो, पण ‘सोलापूर डाळिंब’ म्हणून तो विकता येणार नाही, आणि रास्तही तेच आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये मानांकन असलेल्या कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे दाखवली, तेव्हा या कायद्याच्या मर्यादा उघड झाल्या. मुंबई उच्च न्यायालयात आलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण नोंदणीकृत मालकाने दाद मागायला हवी होती. शिवाय भारतातली नोंद भारताबाहेर आपोआप चालत नाही. आखाती देशांत किंवा युरोपात नाव राखायचे तर तिथे पुन्हा अर्ज करावा लागतो.

माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्याची परिषदेतली चर्चा बहुधा मतस्वातंत्र्यापासून सुरू होते आणि तिचे उगमस्थान महाराष्ट्रातच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी असे लिखाण गुन्हा ठरवणारे या कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. हे प्रकरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून इथे लांबवण्याची गरज नाही.

तालुक्याच्या न्यायालयात रोज लागणारा विषय म्हणजे पुरावा. डाळिंबाच्या रोपांचा सौदा आज फोनवर होतो. रोपांचे फोटो व्हॉट्सअॅपवर, ‘खात्रीशीर माल’ हे आश्वासन आवाजी संदेशात, पैसे यूपीआयने. कागद म्हणून काही नाही. अशा पुराव्याचे काय करायचे, याचा धडा नाशिक जिल्ह्यानेच घालून दिला आहे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत सिन्नर मतदारसंघात तुकाराम दिघोळे माणिकराव कोकाटे यांच्याकडून हरले आणि त्यांनी कोकाटे यांच्या निवडीला आव्हान दिले. प्रचारातल्या भाषणांची व्हीएचएस कॅसेट त्यांनी पुरावा म्हणून दिली. ती निवडणूक आयोगाकडून मिळवलेली प्रत होती, तरी मूळ चित्रीकरण कोणी, कसे केले हे सिद्ध झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती विचारात घेण्यास नकार कायम ठेवला. सरकारी कार्यालयातून आणली एवढ्याने कॅसेट खरी ठरत नाही, हा त्याचा इत्यर्थ.

दहा वर्षांनी जालन्याचा खटला आला. २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरला की नंतर, हा प्रश्न होता, आणि उत्तर निवडणूक कार्यालयाच्या चित्रीकरणात होते. पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार नव्हते. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचे ठरवले. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर ते लागत नाही. आणि ज्याने मिळवण्याचे सारे प्रयत्न केले, पण देणाऱ्यानेच दिले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करत नाही, असेही सांगितले. त्या खटल्यात निवडणुकीला आव्हान देणाऱ्या अर्जदारांना ही सवलत मिळाली.

१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आली आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फोनचा मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय लिहावा लागतो, आणि फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी बदलणारा आकडा, तोही द्यावा लागतो. सटाण्याच्या शेतकऱ्याने रोपवाटिकेचा आवाजी संदेश दुसऱ्या फोनवर पाठवून मूळ फोन दुकानात देऊन टाकला, तर त्याचा दावा तिथेच लंगडा होतो. हॅश मूल्य काढून देणारा तज्ज्ञ तालुक्याला कुठे मिळेल, या प्रश्नाकडे निबंधलेखकांनी अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

शेवटचा भाग माहितीच्या संरक्षणाचा. मामलेदार असून देव मानल्या गेलेल्या ‘देवमामलेदार’ यशवंतराव महाराजांच्या सटाण्यात सरकारी दप्तराला एरवीही मान आहे. आता ते दप्तर फोनवर आले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे तो तलाठ्याच्या सही-शिक्क्याइतकाच चालतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढवतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ या केंद्राच्या निर्यात संस्थेचे ग्रेपनेट आणि डाळिंबासाठी अनारनेट आहे; त्यात बागेची नोंद असते आणि परदेशातल्या पेटीपासून प्लॉटपर्यंत माग काढता येतो. त्यावर शेतकरी ओळख क्रमांक आला. एकत्र केले तर कोणाच्या बागेत कधी छाटणी झाली, कोणाचा माल केव्हा निघेल, कोणावर किती कर्ज आहे, हे सारे कळते. अर्ली द्राक्षाच्या सौद्यात ही माहिती व्यापाऱ्याच्या हाती आधी लागणे म्हणजे भाव पडणे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने आहे. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही उपलब्ध ठेवावी लागते, म्हणजे बागायतदार ती मराठीत मागू शकतो. अनुदान किंवा योजनेसाठी मात्र शासनाला ठरावीक परिस्थितीत नव्या संमतीवाचून माहिती वापरता येते. पिकाची माहिती वैयक्तिक कधी ठरते, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत सरळ सापडत नाही. गट क्रमांकाला नाव जोडले की ती वैयक्तिक होते असा युक्तिवाद करता येईल.

दाद कुठे मागायची हेही विषयाचा भाग आहे, आणि तो बहुधा शेवटच्या सत्रात घाईघाईने उरकला जातो. ट्रेडमार्क, कॉपीराइट किंवा वाणाच्या उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाखाली दाखल होत नाही, त्यामुळे सटाण्याच्या दिवाणी न्यायालयात तो चालणार नाही. नोंदणीकृत वाण अपेक्षेप्रमाणे उतरला नाही तर भरपाईची मागणी वाण प्राधिकरणाकडे करायची. फोनवरून फसवून खात्यातले पैसे काढले गेले, तर पोलिसांच्या तक्रारीखेरीज आणखी एक वाट आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे निवाडा अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे ऐकतात. या अधिकाऱ्यापुढे बँका आणि फोन कंपन्यांविरुद्ध जाण्यासाठी ग्राहकांना कलम ४३-अ चा मोठा आधार होता. संवेदनशील माहिती नीट न सांभाळल्याबद्दल भरपाई त्यात होती. २०२३ च्या कायद्याने हे कलम वगळण्याची तरतूद केली आहे. नव्या कायद्यात दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, पण तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्या कायद्याखाली भरपाई मिळत नाही.